मिशीसकट व्हिसा

आमच्या आण्णांना मस्कतचा व्हिसा मिशीसकट मिळाला होता.

हे वाक्य मी पुढं वकिलाला सांगितलं, नोटरीला सांगितलं, विमानात शेजारी बसलेल्या केरळच्या बाईंनाही सांगितलं. (त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडं तोंड केलं.) पण त्याचा अर्थ कळायला आधी आण्णा कळायला हवेत.

आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कोरेगावच्या अलीकडं आमच्या गावात ऊस बघत राहिले. त्यांची मिशी ओठावरून निघून कानांकडं जायची, पण अर्ध्या वाटेत विचार बदलून वर वळायची. पाहुण्यांना पत्ता सांगताना गाव घरनंबर सांगत नसे. मिशीवाल्या सुभेदारांचं घर म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडायचा.

त्याच घरात त्यांचे थोरले भाऊ राहायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून आबांनी आण्णांना वाढवलं. आबांना मूलबाळ झालं नाही, काकू लवकर गेल्या, आणि मग त्यांचा सगळा जीव माझ्या धाकट्या बहिणीत, वैशालीत अडकला. ती लग्न होऊन मस्कतला गेली तेव्हा आबांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल विकत घेतला. दर रविवारी दोघं व्हिडिओ कॉलवर बोलायची. आबा फोन कानाला लावायचे, त्यामुळं वैशालीला आठवडाभराच्या बातम्यांबरोबर आबांचा कानच दिसायचा.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी वैशालीला दिवस गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जपायला हवं, विमानात बसायचं नाही. आता पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुलगी माहेरी येत नाही म्हटल्यावर माहेरच उचलून मस्कतला न्यायचं ठरलं. आई जाऊन काही वर्षं झालेली, आबांचे गुडघे गेलेले. त्यामुळं माहेर म्हणजे आण्णा आणि मी.

मी सांगलीत शाळेत भूगोल शिकवते. आखातातल्या सगळ्या देशांच्या राजधान्या मला पाठ आहेत, एवढ्या भांडवलावर घरातलं व्हिसाचं खातं माझ्याकडं आलं. मी रोज शाळेतून आल्यावर त्यावरचे व्हिडिओ बघायला लागले. कुणी सांगे, अमेरिकेचा व्हिसा असेल तर ओमानला काही दिवस व्हिसा लागत नाही. आमच्याकडं अमेरिकेचा नव्हता, कोरेगाव तालुक्याचा रहिवासी दाखला होता. शेवटी वैशालीच्या नवऱ्यानं, संदीपनं, तिथून अर्ज करायचा आणि इथून सगळं जमवून मी पाठवायचं, असं ठरलं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी, परतीचं तिकीट हवं, राहण्याचा पत्ता, विमा, आणि पांढऱ्या पडद्यासमोरचा फोटो.

फोटोपाशीच पहिली अडचण आली. बसस्टँडजवळच्या ट्रॅव्हल ऑफिसातले जाधव फोटो बघून म्हणाले, "ताई, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूला पांढरी जागा दिसाय पायजे."

"दिसतीय की."

"वर दिसतीय. खाली मिशी हाय."

आम्ही पुन्हा स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "सुभेदार, टोकं तेवढी कॉम्प्युटरवर बारीक करतो. कळनार बी न्हाई."

आण्णांनी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "फोटोतली कापायची तर आदी हितली कापाय लागंल," ते म्हणाले, "आन् हितली कापायची न्हाई."

मग त्यानं कॅमेरा मागं नेला, आण्णांना जरा लहान केलं, आणि मिशी चौकटीत बसवली. थोड्याच दिवसांत व्हिसा आला. मी त्याची छापील प्रत गावी नेली, तेव्हा आबांनी ती चष्म्याजवळ धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "मिशी झ्याक आलीया."

त्यानंतर आठवडाभरात आबा गेले. दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले, ते उठले नाहीत.

घर एकदम रिकामं झालं. आण्णा रडले नाहीत. आबांची काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती. ती घसरून पडे, आणि ते उठून पुन्हा उभी करत. दिवसभर तेवढंच चाललं होतं. अग्नी त्यांनीच दिला. संदीपला मी फोन करून सांगितलं, आणि त्याच फोनवर आमचं ठरलं, की वैशालीला इतक्यात कळवायचं नाही. तिचे दिवस भरत आलेले, तब्येत तोळामासा. आम्ही तिथं पोचल्यावर, तिला जवळ बसवून, हळूच सांगायचं. तिकिटं सुदैवानं तेराव्यानंतरची होती.

एवढं सगळं मी नीट जमवलं होतं. मिशी मात्र माझ्या ध्यानात आली ती दहाव्याच्या सकाळी, कृष्णेच्या काठावर, न्हाव्यानं वस्तरा बाहेर काढल्यावर.

मी बायकांच्या घोळक्यातून मागं सरकले आणि जाधवांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, फोटो आन् मानूस जुळाय पायजे. न्हाई जुळला तर तिथनंच परतीच्या इमानात बसवत्यात." (जाधव स्वतः गोव्याच्या पुढं कधी गेलेले नव्हते, हे मला नंतर कळलं.)

मी परत आले तेव्हा आण्णांचं डोकं करून झालं होतं. न्हाव्यानं ओंजळीत पाणी घेऊन त्यांच्या ओठावर लावलं. मला हळूच दिलीपच्या, म्हणजे भावकीतल्या माझ्या चुलतभावाच्या कानात सांगायचं होतं. पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय.

"थांबा," मी म्हणाले, "मिशी ठेवा."

सगळा घाट माझ्याकडं बघायला लागला. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले.

"ताई, काय बोलतीस तू?" दिलीप म्हणाला.

"मिशीवर व्हिसा हाय," मी म्हणाले. ते बरोबर आलं नाही, हे मलाही कळलं.

भावकीतले एक म्हातारे पुढं झाले. "मिशीला बी व्हिसा लागतो व्हय?"

"तसं न्हाई, तात्या. फोटोत मिशी हाय. तिथं गेल्यावर बी मिशी लागती."

"मिशीबिगर घेतच न्हाईत?"

"न्हाई घेत."

तात्यांनी यावर विचार केला. "मग हितनं बायका कशा जात्यात?"

कुणी हसलं नाही. प्रश्न खरा होता आणि लोक उत्तराची वाट बघत होते. दिलीप म्हणाला, पोरगी तिकडं अवघडलेली आहे, आण्णांना परत पाठवलं तर तिचं काय होईल. कुणी म्हणालं, रीत ती रीत. गुरुजींनी घसा साफ केला आणि सांगितलं, अडचणीच्या वेळी सोय असते, टोकाचे चार केस काढले तरी पोचतं. मग सगळे आण्णांकडं बघू लागले. ते ओल्या ओठानं, मांडी घालून, तसेच बसले होते.

"भरतीला निगालो तवा मला मिसरूड बी धड फुटलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता. "आबा म्हनला, मिशी राख, न्हाईतर सायब पोरगं समजून माघारी धाडतील. त्येची सवताची कवा नीट आलीच न्हाई. माज्यावर हौस फेडली त्येनं." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हिसा माजा हाय, पोरी. मिशी त्येची हाय. त्येच्यासंगं जाऊ दे."

आणि न्हाव्याला म्हणाले, "काड."

आण्णांचा वरचा ओठ आम्ही कुणीच कधी पाहिला नव्हता. (आईला अग्नी दिलीपनं दिला होता.) तो फिकट होता, जरा आत वळलेला, आणि हुबेहूब आबांचा. आण्णा उठून उभे राहिले तेव्हा बायकांतून कुणीतरी म्हणालं, "आबाच हुबा ऱ्हायलाय गं," आणि जे रडं इतके दिवस सगळ्यांनी धरून ठेवलं होतं ते तिथं फुटलं. मीही खूप रडले. त्यात आबा किती आणि व्हिसा किती, हे मात्र मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

नवा अर्ज करायला वेळ नव्हता. मग मी साताऱ्याला वकील गाठला आणि प्रतिज्ञापत्र करून घेतलं. त्यात लिहिलं होतं, की सदर अर्जदारास मिशी होती, ती आता नाही, आणि मिशी असलेला व मिशी नसलेला इसम एकच आहे. नोटरीनं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा आण्णांकडं.

"सुभेदार, हे तुमीच ना?"

"परवापातूर व्हतो," आण्णा म्हणाले.

नोटरीनं पेन खाली ठेवलं. मला त्याला आबांची सगळी हकिकत सांगावी लागली, तेव्हा त्यानं शिक्का मारला. मी प्रतिज्ञापत्राचं इंग्रजी करून घेतलं, आबांच्या मृत्यूचा दाखला जोडला, सरपंचांचं पत्र जोडलं, आण्णांचे मिशीचे आणि बिनमिशीचे फोटो शेजारी शेजारी चिकटवले. फाइल चांगली जाड झाली. मला धीर आला.

इकडं वैशालीचे फोन चालूच होते. आण्णांचा चेहरा दिसला असता तर तिला काही सांगायचीच गरज राहिली नसती, म्हणून मी कॅमेरा बंद ठेवायला लावला.

"ताई, आण्णा दिसत का न्हाईत?"

"गावाकडं रेंज न्हाई गं."

"आन् आबा?"

"मळ्यात गेल्यात."

पुढच्या रविवारीही आबा मळ्यातच होते. मला खोटं फार सुचत नाही, म्हणून मी एकच धरून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी मी आण्णांच्या डोक्यावर कानटोपी घातली आणि तोंडाला मास्क लावला. संदीपच्या घरी पोचेपर्यंत तो काढायचा नाही, असं बजावलं. त्या गडबडीत माझ्या डोक्यात दोन कामं एकदम चालली होती: विमानतळावरच्या साहेबाला आण्णांना मिशी नाही हे पटवायचं, आणि वैशालीला ती आहे असं वाटू द्यायचं. आण्णा बिचारे मास्कच्या आडून श्वास घेत सगळं ऐकत होते. फौजेत राहिल्यामुळं त्यांना न पटलेल्या हुकमांची सवय होती.

मुंबईला साहेबानं मास्क खाली घ्यायला सांगितला, बघितलं आणि शिक्का मारला. मी फाइल अर्धी बाहेर काढली होती, ती परत आत ठेवली. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं.

मस्कतला आण्णा माझ्यापुढं होते. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं त्यांना टोपी आणि मास्क काढायला लावला, पडद्यावर पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, बोटांचे ठसे घेतले. त्याचा हात शिक्क्याकडं निघालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तिथं मी गप्प उभी राहिले असते, तर पुढचं काही घडलं नसतं. पण फाइल माझ्या हातात होती. मी पिवळी रेघ ओलांडली आणि ती त्याच्या समोर ठेवली.

"सर," मी इंग्रजीत म्हणाले, "ही इज सेम मॅन."

शिक्का हवेत थांबला. आता त्याला पहिल्यांदाच शंका आली. त्यानं फोटो पुन्हा पाहिला, आण्णा पुन्हा पाहिले, फोन उचलला, आणि आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलं. आण्णा मास्क हातात घेऊन त्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसले.

थोड्या वेळानं एक वयस्कर अधिकारी आले. पांढरा लांब झगा, कडेला नक्षीची टोपी. त्यांनी फाइल उघडून विचारलं, अडचण काय आहे?

"सर, ब्रदर एक्स्पायर्ड," मी म्हणाले.

त्यांनी आण्णांचा व्हिसा तपासला. "नॉट एक्स्पायर्ड, मॅडम. व्हॅलिड."

"नॉट व्हिसा, सर. ब्रदर. ब्रदर एक्स्पायर्ड, देअरफोर मुस्टॅश."

त्यांनी आता माझाही व्हिसा मागून घेतला आणि तारीख बघितली. तोही चालू होता. मी प्रतिज्ञापत्रातला मुद्दा बोटानं दाखवायला लागले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या, आणि मला बाहेर थांबलेली वैशाली दिसत होती. अवघडलेली, पायावर सूज, आणि आम्ही परतीच्या विमानात.

तेव्हा आण्णा उठले. ताठ उभे राहिले आणि त्यांच्या फौजी हिंदीत म्हणाले, "साब, बडा भाई गुजर गया. उसके लिए काटा."

त्या अधिकाऱ्यांना हिंदी येत होती. त्यांनी फाइल मिटली. उजवा हात छातीवर ठेवला, मान खाली घातली आणि त्यांच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी म्हणाले. शब्द कळले नाहीत, पण आमच्याकडं सांत्वनाला आलेले लोक जे बोलले होते तेच असावं. त्यांनी आण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मेरा भी गया, पिछले साल," ते म्हणाले. "बडा भाई बाप होता है."

"हां, साब," आण्णा म्हणाले. आबा गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तिथं पहिल्यांदा पाहिलं.

दोघांच्या पासपोर्टावर शिक्के पडले. फाइल परत देताना ते मला म्हणाले, "कागज की जरूरत नहीं थी, बेटी." मी तेही मान हलवून ऐकून घेतलं.

बाहेर पडायच्या आधी मी आण्णांना परत टोपी घातली, मास्क लावला. दारातून आम्ही बाहेर आलो. संदीप ट्रॉली घ्यायला धावला. वैशाली कठड्याला धरून उभी होती. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं आण्णांचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांकडं बघत राहिली. मी म्हणाले, "अगं, विमानातल्या हवेनं सर्दी झालीय त्यांना, मास्क राहू दे."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात वर नेऊन तिनं आण्णांचा मास्क हळूच खाली ओढला. त्यांच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं.

"आबा कवा गेलं?" तिनं विचारलं.

कोण गेलं, असं तिनं विचारलंच नाही.

आण्णांनी तिचं डोकं आपल्या खांद्याला लावून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. दुपारी जेवले होते, त्रास झाला नाही, झोपेत गेले. मी जवळ बसवून, पाणी देऊन, हळूहळू सांगायचं ठरवलं होतं ते त्यांनी उभ्या उभ्या, तिच्या पाठीवर हात फिरवत, चार वाक्यांत सांगितलं. ती रडली, पण घाबरली नाही. संदीप ट्रॉली धरून उभा होता. मी फाइल धरून उभी होते.

गाडीत तिनं मला विचारलं, "ताई, त्या गुडघ्यांनी आबा मळ्यात कसं जातील? परसात जायला त्येंना काठी लागायची."

"मग तू इचारलं का न्हाईस?"

"तुमी एवढं जीव तोडून लपवताय," ती म्हणाली, "म्हटलं, माझ्यामुळं तुमाला वाईट नको वाटाय."

म्हणजे आम्ही तिच्यापासून लपवत होतो, आणि ती आम्हाला कळू नये म्हणून एकटीच रडत होती. खिडकीबाहेर कोरडे डोंगर चालले होते. मी ते डोंगर बरीच वर्षं फळ्यावर काढत आले आहे, पण त्या दिवशी मला काहीच दिसलं नाही.

वैशाली सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. आण्णांची मिशी तोवर खुंटांसारखी उगवायला लागली होती. त्यांनी नात जवळ घेतली, तिच्या गालाला ते खुंट टोचले आणि ती कळवळून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी स्वतःच वस्तरा मागितला, आणि आम्ही तिथं होतो तोवर रोज दाढीबरोबर ओठही केला. मी म्हणाले, "आण्णा, घाटावर एवढं झालं, आन् आता रोज?" ते म्हणाले, "तवा त्येची व्हती. आता हिची."

परतताना मुंबईच्या विमानतळावर आण्णांनी मला स्पष्ट सांगितलं, "तू माज्या रांगंत येऊ नगंस." मी दुसऱ्या रांगेत उभी राहिले. ते आपल्या काउंटरवर गेले आणि शिक्का घेऊन पलीकडं पोचलेही. माझ्या काउंटरवरचा कॉम्प्युटर नेमका अडकला. तिथली मुलगी माझा पासपोर्ट उलटसुलट करत होती, फोटो बघत होती, मला बघत होती. वेळ घालवायला म्हणून तिनं विचारलं, बरोबर कोण आहे? मी पलीकडं बोट दाखवलं.

ती आण्णांना म्हणाली, "काका, ह्या तुमच्याबरोबर आहेत का? ओळखता यांना?"

आण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं.

"बगितल्यासारकं वाटतंय," ते म्हणाले.

आणि मी, दुसरं काय करणार, फाइल उघडली.